‘घरगुती’ म्हणजे काय, फौजदारसाहेब?

घरगुती गॅस. घरगुती मसाला. घरगुती पिठाची गिरण. आणि त्याच रांगेत बसवलेली घरगुती मारहाण.

बाईच्या पाठीवर पट्ट्याचे वळ उठलेत, ओठ फाटलाय, कानातनं रगत आलंय. ती तशीच उठून, कडेवर पोर घेऊन ठाण्यावर येते. टेबलामागचा माणूस पेन उचलत नाही. म्हणतो, ‘‘घरगुती भानगड हाय. घरात बसून मिटवा.’’ हेच रस्त्यावर परक्या माणसानं केलं असतं तर तो गुंड ठरला असता, आत गेला असता. घरात केलं म्हणून तो नवरा. एका उंबऱ्यानं गुन्ह्याचं नाव बदलतं. हा उंबरा मनूनं बांधला, आणि त्याच्या राखणीला आज सरकारी पगारावरचा माणूस बसलाय.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर साईडर आहे. शाळा अर्ध्यात सुटली. कायदा शिकलो तो वस्तीतल्या बायांबरोबर ठाण्याच्या बाकड्यावर बसून आणि रद्दीतनं आणलेल्या पुस्तकांतनं. त्यामुळं माझी भाषा साहेब लोकांना टोचली तर टोचू दे.

आता गिरणीतलीच गोष्ट ऐका. मागं आमच्या गिरणीतनं तांब्याची केबल चोरीला गेली. दुपारच्या आत जीप दारात. पंचनामा झाला. गेटचं रजिस्टर ताब्यात घेतलं, कॅमेऱ्याचं चित्रण घेतलं, कुलपावरचे ठसे घेतले. तिन्ही पाळ्यांतल्या माणसांचे जबाब झाले, माझाही झाला. भंगारवाल्याकडं जाऊन आले. केबल काही बोलली नाही. ती मुकी. तरी चार दिवसांत चोर सापडला.

म्हणजे तपास कसा करायचा हे पोलिसांना येतं. येत नाही असं कुणी म्हणू नये. मुक्या केबलीचा तपास होतो आणि तोंडानं बोलणाऱ्या बाईचा होत नाही, एवढाच मुद्दा आहे. माझं सगळं म्हणणं ह्यातच आहे.

बाई आली की काय होतं बघा. भारतीय दंड विधानात कलम ४९८ अ आलं ते २५ डिसेंबर १९८३ पासून. दोस्तांनो, ही तारीख नीट वाचा. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली, त्याला त्या दिवशी बरोबर ५६ वर्षं झाली होती. सरकारनं ती तारीख मुद्दाम धरली असेल असं मला वाटत नाही. पण आपण धरू. नवऱ्याचा आणि सासरच्यांचा छळ हा गुन्हा आहे, असं ह्या देशाच्या कायद्यानं सांगायला स्वातंत्र्यानंतर ३६ वर्षं लागली. १ जुलै २०२४ पासून दंड विधान गेलं, भारतीय न्याय संहिता आली. आता तेच कलम ८५ आणि ८६ झालंय. नंबर बदलला, ठाण्यातलं बाकडं तेच.

हा गुन्हा दखलपात्र आहे. दखलपात्र म्हणजे पोलिसांनी कोर्टाला न विचारता तपास सुरू करायचा. पण ठाण्यात बाईचं सगळं ऐकून लिहितात काय? एन.सी. अदखलपात्र. ‘शिवीगाळ व हाताने मारहाण.’ वर्षभराचा छळ एका ओळीत. एक कागद तिच्या हातात देतात आणि म्हणतात, कोर्टात जा. तिला वाटतं केस झाली. नवऱ्याला कळतं केस झाली नाही. त्या रात्री ती दुप्पट मार खाते. अशा चार-चार एन.सी. अंगावर घेऊन नांदणाऱ्या बाया आमच्या वस्तीत आहेत.

माझी एक आत्तेबहीण. सासर सातारा जिल्ह्यात, माहेर सांगली जिल्ह्यात. रात्री मारून बाहेर काढलं, पहाटेच्या एस.टी.नं माहेरला आली. आम्ही ठाण्यावर घेऊन गेलो.

‘‘मारलं कुठं?’’

‘‘सासरी, साहेब.’’

‘‘मग आमच्या हद्दीत न्हाय. तिकडं जावा.’’

तिकडं गेलो. तिकडचा हवालदार म्हणाला, ‘‘आता ऱ्हाती कुठं? माहेरात? मग तिकडं द्या की.’’ वर तिला विचारलं, ‘‘कुठल्या वस्तीतली गं तू?’’ वस्ती कळल्यावर तर त्यानं खुर्चीच फिरवली. तीन दिवस दोन जिल्ह्यांत एस.टी.चं भाडं भरत फिरलो. तोवर पाठीवरचे वळ काळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे. पुरावा अंगावरनं उतरत होता आणि हे हद्द मोजत होते.

आता कायदा ऐका, साहेब. सर्वोच्च न्यायालयानं ९ एप्रिल २०१९ ला सांगितलंय, सासरनं हाकललेली बाई जिथं आसऱ्याला आली तिथं तिची तक्रार चालते. त्याच्या आधी १२ नोव्हेंबर २०१३ ला ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय, दखलपात्र गुन्हा दिसला की नोंदवावाच लागतो. नवरा-बायकोच्या प्रकरणात नोंदीआधी थोडी चौकशी करायला मुभा ठेवली, पण तीही मोजक्या दिवसांत संपवायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तर छापूनच आलंय, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडू दे, नोंद घ्यायची. त्याला झिरो एफ.आय.आर. म्हणतात. नक्कल फुकट द्यायची. नोंद घेतली नाही तर बाईनं टपालानं जिल्हा अधीक्षकाला लिहायचं, मग मॅजिस्ट्रेटकडं जायचं. हे सगळं कागदावर आहे. कागद ठाण्याच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली कुणाकडं आहे?

कुणी म्हणेल, बाया खोट्या केसेस करतात. ही ओरड मी गिरणीच्या कॅन्टीनपासून टी.व्ही.पर्यंत ऐकतो. सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, आलंय की मार खाल्लेल्या शंभर बायांतल्या जेमतेम १४ कुणाची तरी मदत मागतात. मदत म्हणजे आई, भाऊ, शेजारीण धरून. पोलीस तर फार लांब. बाकीच्या गप्प. म्हणजे ह्या देशात खोटं बोलणाऱ्या बायांपेक्षा खरं न बोलणाऱ्या बाया कितीतरी पटीनं जास्त आहेत. तरीही २०२२ साली देशात बायांवरच्या गुन्ह्यांच्या ४,४५,२५६ नोंदी झाल्या आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा होता.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं, ४९८ अ लागलं की लगेच सगळ्या घराला उचलू नका, अटकेची गरज आहे का ते आधी तपासा. ह्यात चुकीचं काही नाही. अटकेची दहशत आमच्या पोरांनीच जास्त भोगलीय. पण ठाण्यांनी त्याचा अर्थ काय लावला? अटक करू नका म्हणजे तपास करू नका! नोटीस दिली, चहा पाजला, फाईल बांधली. अहो, अटक न करता तपास चांगला करता येतो, उलट तोच करावा लागतो. घरी जावा, शेजाऱ्यांना विचारा, दवाखान्याचे कागद काढा. ते कष्ट नकोत म्हणून आधी नुसती अटक होती, आता नुसती नोटीस आहे. तपास तेव्हाही नव्हता, आताही नाही.

मग खटला कोर्टात जातो तेव्हा फाईलीत असतं काय? बाईचा जबाब. तिच्या आईचा जबाब, बापाचा जबाब, एकाच कारकुनी भाषेत, ‘शारीरिक व मानसिक छळ’. बस्स. सगळा खटला त्या बाईच्या एका जिभेवर टांगलेला. तीन-चार वर्षं जातात. पोरं सासरी अडकलेली, भाऊ म्हणतो मिटव, गावचे पुढारी म्हणतात मिटव. ती कोर्टात उभी राहते आणि म्हणते, मला काही आठवत नाही. फितूर! आरोपी सुटला, लगेच बोंब, केस खोटी होती. केस खोटी नव्हती. तपास खोटा होता. केबलीच्या खटल्यात केबल फितूर होत नाही, कारण तो खटला केबलीच्या तोंडावर उभा केलेला नसतो.

छळ हा एका दिवसाचा गुन्हा नव्हे. तो रोज चालतो, मग त्याचा माग पण रोजचा असतो. आमच्या वस्तीत भिंती पत्र्याच्या. शेजारचं भांडं पडलं तरी कळतं. आणि पोलीस लिहितात, ‘साक्षीदार मिळून आले नाहीत.’ आवं, विचारलं कुणाला? शेजारीण ठाण्यावर यायला भिते हे खरं. पण बाईला साक्षीसाठी ठाण्यावर बोलवायचंच नसतं, जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, असा कायदाच आहे. आशा ताईला विचारा, बाळंतपणात अंगावर काय बघितलं. दवाखान्याच्या केसपेपरवर किती वेळा ‘पडून लागले’ लिहिलंय ते बघा. फोनमधले मेसेज बघा. आणि स्वतःच्याच ठाण्यातलं एन.सी.चं रजिस्टर उघडा! चार एन.सी. एकाच बाईच्या, एकाच नवऱ्यावर. गिरणीत चोरी झाली की गेटचं रजिस्टर आधी जप्त करता, मग घरातल्या गुन्ह्यात तुमचं स्वतःचं रजिस्टर का उघडत नाही? मे २०२५ मध्ये पुण्याकडं मुळशीत एका राजकीय घराण्याची सून मेली, तेव्हा कळलं की थोरल्या सुनेनं त्याच घराविरुद्ध आदल्या वर्षीच तक्रार केली होती. पहिली तक्रार धसाला लावली असती तर दुसरीचं काय झालं असतं, हे मी सांगायला नको.

बाई मेली तरी तेच. आमच्याकडं बायांचे पाय फार घसरतात. विहिरीवर घसरतात, बंधाऱ्यावर घसरतात, कॅनॉलच्या काठावर घसरतात. बापयांचे घसरत नाहीत, ते दारू पिऊनसुद्धा तोल सांभाळतात. ‘पाय घसरून पाण्यात पडून मयत’, अकस्मात मृत्यूची नोंद, पंच म्हणून सासरच्याच भावकीतले दोघं. चपला कुठं होत्या? बांगड्या फुटल्या होत्या का? घागर होती का? घागर नसताना भर दुपारी ती विहिरीवर कशाला गेली? बाहेर कुणी काढली आणि ठाण्याला कळवायला किती तास लावले? लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि मरण संशयाचं असेल, तर पोस्टमार्टेम आणि मॅजिस्ट्रेटची चौकशी कायद्यानं ठरलेली. हुंडाबळीचं कलम १९८६ साली आलं, तेही सात वर्षांपर्यंतच. सात वर्षं आणि एक दिवस झाला की तपासाचा जोर एकदम उतरतो. जणू आठव्या वर्षी नवरे मारायचे थांबतात.

जळालेल्या बाईचं तर विचारू नका. खाटेच्या उशाशी सासू उभी, पायथ्याशी नवरा उभा, आणि जमादार जबाब घेतोय. ती काय सांगणार? स्वयंपाक करताना भडका उडाला. त्यांना बाहेर काढा, दार लावा, डॉक्टर आणि मॅजिस्ट्रेटला बोलवा, मग विचारा. २००२ साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या आपल्याच राज्यातल्या खटल्यात घटनापीठानं सांगितलं, बाई शुद्धीवर होती ह्याची जबाब घेणाऱ्याला खात्री असेल, तर डॉक्टरचा दाखला नाही एवढ्यावरून मृत्युपूर्व जबाब फेकून देता येत नाही. एवढं वजन आहे त्या दोन वाक्यांना. आणि ती दोन वाक्यं आम्ही आरोपीसमोर घेतो.

खणलं तर सापडतं, ह्याचा दाखला आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. मिरज तालुक्यातलं म्हैसाळ, मार्च २०१७. गर्भपात करताना एक सून मेली. बापानं संशय घेतला, जावयावर तक्रार दिली. पोलीस त्या तक्रारीच्या मागं गेले. दवाखान्यापर्यंत गेले, ओढ्यापर्यंत गेले, जेसीबी लावून खणलं, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पुरलेली १९ अर्भकं निघाली. सगळा देश हादरला. एका मेलेल्या सुनेच्या तक्रारीला ‘घरगुती’ म्हणून बाजूला सारलं असतं तर ती १९ अजून ओढ्याकाठी असती. शाबासकी द्यायची तिथं मी देतो.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच जिल्ह्यात, सांगली शहर ठाण्यातल्या पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. आरोप असा की कोठडीत मेलेल्या तरुणाचं प्रेत त्यांनी आंबोलीला नेऊन जाळलं. एकाच वर्षात, एकाच जिल्ह्यात. खाकी मातीतनं पुरावा काढूही शकते, आणि पुरावा जाळल्याचा आरोपही तिच्यावर येऊ शकतो. मग माझी बहीण कुठल्या भरवशावर ठाण्याची पायरी चढणार?

साताऱ्याचंही तसंच. वाईजवळ धोमला ऑगस्ट २०१६ मध्ये एका डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाच्या जागेतनं पुरलेले देह निघाले. सहा खुनांचा आरोप, त्यात पाच बाया, पहिला खून २००३ चा. तेरा वर्षं ती माणसं ‘बेपत्ता’ म्हणून नोंदीत पडून. शेवटची बाई अंगणवाडीच्या संघटनेची पुढारी होती, तिच्यामागं माणसं होती, म्हणून गाडं हललं. जिच्यामागं संघटना नाही ती पळून गेली असं लिहून मोकळं व्हायचं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणला सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरबाईनं जीव दिला. तळहातावर लिहून गेली, त्यात एका फौजदाराचं नाव. वैद्यकीय कागदांवरून पोलीस दबाव आणतात अशी तिची आधीची तक्रार होती. खरंखोटं कोर्ट ठरवील. पण ज्या कागदावर मार खाल्लेल्या बाईचा सगळा खटला उभा राहायचा, तो कागद लिहिणारीच असं म्हणत मेली, हे विसरू नका.

त्यात आमची बाई दलित. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मथुरेवर पोलिसांनी हात टाकला. १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. तेव्हा खुणा नाहीत म्हणून गुन्हा नाही. आज आमची बाई खुणा घेऊन येते तर म्हणतात, पडली असशील. वरच्या जातीत लग्न करून गेलेल्या पोरीला चारचौघांत जात काढून मारतात, तिथं १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावायचा तर म्हणतात, हा नवरा-बायकोचा विषय, जात कशाला आणता? जात आम्ही आणत नाही, साहेब. ती तुमच्या पहिल्या प्रश्नातच असते, कुठल्या वस्तीतली गं तू?

आता आपल्या भावांना. जयंतीला निळा गुलाल उधळून आलेला माणूस रात्री बायकोला तुडवतो आणि सकाळी माझ्याशी क्रांतीवर बोलतो. त्याला मी कॉम्रेड म्हणणार नाही. बाबासाहेबांनी १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बायकोनं नवऱ्याची मैत्रीण व्हावं, गुलाम होऊ नये, असं बायांना सांगितलं. १९५१ ला मंत्रिपद सोडलं त्याचं एक मोठं कारण हिंदू कोड बिल. तुला ‘पोलीस आपल्या माणसांना छळतात’ ही ढाल बायकोला मारण्यासाठी वापरता येणार नाही. पोलिसांची दहशत मोडायची ती तिच्यासाठीसुद्धा.

ह्याच मातीत कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी टाकलेल्या बायांना, परित्यक्तांना, गोळा केलं. रेशनकार्ड स्वतःच्या नावावर मागितलं, घराला जागा मागितली. कारण जायला छप्पर असेल तरच बाई तक्रारीवर टिकते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहत्या घराचा हक्क आला, संरक्षण अधिकारी आले. पण किती ठाण्यांत भिंतीवर त्यांचा फोन नंबर लिहिलाय? सावित्रीबाईंचा फोटो मात्र प्रत्येक ठाण्यात. ३ जानेवारीला हार. ती सातारा जिल्ह्यातल्या नायगावची. ती आज कुठल्या ठाण्यात तक्रार घेऊन गेली असती तर तिला पण विचारलं असतं, कुठली गं तू?

आम्हाला हार नको. आम्ही मागतो ते एवढं :

१. बाई जिथं येईल तिथं तिच्या शब्दांत नोंद, तिला वाचून दाखवून, त्याच दिवशी नक्कल हातात. हद्दीचं तुमचं तुम्ही बघा.

२. त्याच दिवशी दवाखान्याची यादी, बाई पोलीस बरोबर, जखमांचे फोटो. चार दिवसांनी पुन्हा तपासणी, कारण खोलवरचा मार उशिरा उमटतो.

३. घराचा पंचनामा. भावकीबाहेरचे पंच. शेजाऱ्यांचे जबाब त्यांच्या दारात. जुन्या सगळ्या एन.सी. फाईलीला जोडायच्या.

४. ठाण्यात समझोता बंद. तिला मिटवायचं असेल तर ती तिच्या मर्जीनं मिटवील. हवालदार काय मध्यस्थ नव्हे.

५. बाईच्या प्रत्येक अकस्मात मृत्यूला, लग्नाला सात वर्षं होऊ देत नाहीतर सतरा, खुनाचा असावा तसा तपास. मग ठरवा पाय घसरला का.

६. नोंद टाळणाऱ्यावर कारवाई, आणि ती झाल्याचं ठाण्याच्या फळ्यावर लिहायचं.

ह्यात एकही गोष्ट नवी नाही. ह्यातली बरीचशी केबलीसाठी झालेली आहे.

आणि बायांनो, पोरांनो, फळ्याची वाट बघत बसू नका. प्रत्येक वस्तीत एक वही करा. कुणाला, कधी, कशानं मारलं, कुणी ऐकलं, कुठल्या ठाण्यावर गेलो, कोण काय म्हणालं, तारीख-वार-वेळ. नोंद नाकारली तर त्याच दिवशी अधीक्षकाला रजिस्टर टपाल, पावती वहीत चिकटवायची. आम्ही आमच्या वस्तीत वही सुरू केलीय. पहिल्याच महिन्यात ती भरत आलीय. ठाण्याच्या रजिस्टरात त्या महिन्याला आमच्या वस्तीची एकच ओळ आहे, ‘शिवीगाळ व हाताने मारहाण.’ आता ह्या दोन वह्या शेजारी ठेवून कुणीतरी साहेबानं आम्हाला समजावून सांगावं, घरगुती म्हणजे काय.

जयभीम.